बावीस लाल खेळ

(दृश्य : टेबलावर उघडून ठेवलेलं यंत्र, झाकण बाजूला)

हे व्हर्च्युअल बॉय, व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल. २१ जुलै १९९५ रोजी निन्टेंडो या जपानी कंपनीनं ते जपानमध्ये बाजारात आणलं, ऑगस्टमध्ये अमेरिकेत. टेबलावर दोन पायांवर उभं करायचं, समोर बसायचं आणि चेहरा टेकवून आत बघायचं. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात, त्यामुळं दृश्याला थ्रीडी खोली येते. जपानमध्ये ते सहा महिनेही चाललं नाही. जगभरातली विक्री सुमारे ७ लाख ७० हजार. खेळ निघाले सगळे मिळून २२.

आता झाकणाखाली बघू.

(दृश्य : आरशाचं क्लोज-अप, मंद गती)

यात पडदाच नाही. प्रत्येक डोळ्यासाठी लाल एलईडींची एक उभी रांग आहे, रांगेत २२४ दिवे. तिच्यासमोर हा इवलासा आरसा सेकंदाला ५० वेळा हलतो. आरसा वळतो तसं त्या रांगेचं प्रतिबिंब आडवं सरकत जातं, आणि सरकताना दिवे क्षणाक्षणाला वेगळे पेटतात. अशा ३८४ उभ्या रेघा शेजारी शेजारी उमटल्या की एक चित्र पुरं होतं. अंधारात पेटती काडी फिरवली की प्रकाशाची सलग रेघ दिसते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आमच्या कॅमेऱ्याला इथं नुसत्या पट्ट्या दिसताहेत. चित्र जुळतं ते बघणाऱ्याच्या नजरेत.

ही पद्धत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या कंपनीची. ती खेळांसाठी वापरायचं मनावर घेतलं निन्टेंडोचे अभियंते गुनपेई योकोई यांनी. हातात धरून खेळायचं गेम अँड वॉच त्यांचं, तसलाच गेम बॉयही त्यांच्याच हाताखाली घडला. महागड्या नव्या तंत्रामागे धावण्यापेक्षा मुरलेल्या, स्वस्त तंत्रातून काहीतरी अनपेक्षित काढायचं, ही त्यांची रीत. निळा प्रखर एलईडी तेव्हा नुकताच आला होता आणि परवडणारा नव्हता. लाल स्वस्त होता, वीजही कमी खायचा. कंट्रोलरमागे सहा सेल घातले की यंत्र चालायचं. हा लाल रंग असा आला.

(दृश्य : व्हर्च्युअल बॉय वारिओ लँड, खेळ चालू)

आणि हे त्या यंत्रावरचं सगळ्यात सुंदर काम. खेळाचा नायक वारिओ या फळीवरून उडी घेतो आणि थेट मागच्या थरात जाऊन पडतो. तिथून पुन्हा पुढं. साखळीला लटकलेला काटेरी गोळा मागून झुलत येतो, तो आपल्या अंगावर येईल असं वाटतं आणि बोटं आपोआप थांबतात. खोली इथं शोभेला नाही. कुठला शत्रू आपल्या थरात आहे आणि कुठला मागं, हे ओळखल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

टेलिरोबॉक्सर या मुष्टियुद्धाच्या खेळात ठोसा समोरून येतो, आणि तो किती जवळ आलाय हे खरोखर दिसतं. रेड अलार्म हा खेळ सगळा नुसत्या रेघांच्या सांगाड्याचा. सपाट टीव्हीवर लावला तर त्या रेघा एकमेकींत गुंततात, भिंत कुठली आणि वाट कुठली हे कळत नाही. दोन डोळ्यांनी बघितला की बोगदा उलगडतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे. बाजारात पडलं ते यंत्र. चेहरा टेकवून मान अवघडायची, डोळे दुखल्याच्या तक्रारी आल्या, आणि आतली खोली टीव्हीवरच्या जाहिरातीत दाखवता येईना. हे सगळं खरं. पण यंत्राबरोबर खेळही हरवले, ही शिक्षा त्यांना का?

(दृश्य : चित्रात आडव्यातिडव्या तुटक रेघा, मग रिबन केबलवर सोल्डरिंग आयर्न)

हा दोष जवळजवळ प्रत्येक जुन्या व्हर्च्युअल बॉयमध्ये कधी ना कधी येतो. दिव्यांच्या पट्टीला जोडणारी रिबन केबल कारखान्यात गोंदानं चिकटवलेली होती. वर्षं गेली तसा गोंद सुटला, जोड सैल झाले आणि चित्रातल्या ओळी गायब व्हायला लागल्या. काही जण ती उष्णता देऊन पुन्हा दाबून बसवतात. ते तात्पुरतं. कायमचा उपाय इथं दिसतोय : गोंद खरवडायचा, तांब्याच्या त्या केसाएवढ्या पट्ट्या साफ करायच्या आणि एकेक जोड सोल्डर करायचा. मग दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा तेवढंच. काम सुरेख आहे. पण वारिओ लँड खेळायला प्रत्येकानं हे शिकावं, असं म्हणता येणार नाही.

२०११ मध्ये निन्टेंडोचंच थ्रीडीएस आलं, चष्म्याविना खोली दाखवणारं. हे खेळ त्याच्यासाठीच जपून ठेवल्यासारखे होते. कंपनीनं त्यावर एकही दिला नाही. पुढं चाहत्यांनी स्वतः इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहून ते थ्रीडीएसवर चालवून दाखवले, म्हणजे अडचण तंत्राची नव्हती.

सप्टेंबर २०२५ मध्ये अखेर घोषणा झाली : १७ फेब्रुवारी २०२६ पासून व्हर्च्युअल बॉयचे खेळ निन्टेंडोच्या स्विच या नव्या कन्सोलवर, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. बघायला मूळ यंत्रासारखा दिसणारा प्लास्टिकचा साचा किंवा पुठ्ठ्याचा चष्मा, स्विच त्यात सरकवायचा. साच्याचा हट्ट काहींना खटकला. आम्हाला तो पटतो. हे खेळ सपाट करून देणं म्हणजे अर्धेच देणं.

सगळे बावीस चांगले आहेत असं नाही. काही घाईत उरकलेले आहेत, ते खेळताना कळतं. तरीही सगळेच परत यावेत. एका कन्सोलचा सगळा संग्रह इतका लहान असणं ही दुर्मीळ संधी आहे. तो पुरा वाचवता येतो. जुने खेळ जपणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं २०२३ मध्ये मांडलं, की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळत नाहीत.

योकोई यांनी १९९६ मध्ये निन्टेंडो सोडली आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

(दृश्य : जॅक ब्रदर्सचं कार्ट्रिज, मग खेळ)

हा अ‍ॅटलसचा जॅक ब्रदर्स. संग्राहक त्यासाठी भरमसाट पैसे मोजतात. अ‍ॅटलस आज सेगाच्या छत्राखाली आहे, तेव्हा असे खेळ एकट्या निन्टेंडोच्या हातात नाहीत. सगळे खेळ आणायचे तर त्या त्या कंपन्यांशी बोलणी करावी लागतील. ती करावीत. आणि स्विचवर आलेले खेळ वर्गणीपुरतेच आहेत, सेवा बंद झाली की तेही बंद. म्हणून आमची मागणी सरळ आहे : हे खेळ सुटे, विकत घेता येतील असे द्या.