तीन ओळींची सूचना, आठ एमबीची फाईल

मंडळी, मी ज्या ई-मेल गटात आहे, तिथे मध्यंतरी एक मेल आला. विषयाच्या जागी फक्त 'सूचना'. आत अक्षरही नाही, खाली आठ एमबीची पीडीएफ. मी प्रवासात होतो, मोबाईलला रेंज जेमतेम. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं, मधेच थांबलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. रात्री घरी आल्यावर फाईल उघडली. टाईप करून, सही करून, रंगीत स्कॅन केलेल्या तीन ओळी: बैठक रविवारऐवजी शनिवारी. काही जणांना ती वेळेत उघडताच आली नाही. ते रविवारी आले आणि बंद दार बघून परत गेले.

या तीन ओळी मेलमध्येच लिहिल्या असत्या तर दोन केबीसुद्धा लागले नसते. आणि प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. साधं स्कॅन म्हणजे अक्षरांचा फोटो. आमच्या गटात एक दृष्टिहीन सभासद आहेत, त्या स्क्रीन रीडरवर मेल ऐकतात. त्यांच्यासाठी ते पान कोरंच होतं. मला याचं फार वाईट वाटलं.

आता हे वजन वाढतं कसं, ते बघा. 1982 साली ठरलेला एसएमटीपी हा मेल पोचवण्याचा नियम साध्या इंग्रजी मजकुरापुरता होता. मेलमधून चित्र, आवाज, फाईल पाठवायची सर्वमान्य पद्धत, म्हणजे माईम, नथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 1992 मध्ये मांडली. तिच्यात फाईलच्या दर तीन बाइट्सची चार अक्षरं केली जातात. म्हणजे 15 एमबीची फाईल वाटेत 20 एमबीची होते. म्हणून तर 25 एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर 20 एमबीची फाईल अडते. आणि गटात 300 जण असतील, तर त्या 15 एमबीचे एका 'सेंड'मध्ये सहा जीबी झाले! कोणाचा मेलबॉक्स आधीच काठोकाठ भरलेला असतो. तुमच्या फोटोंनी उरलेली जागा संपली, की त्याच्या नोकरीचं पत्र परत जातं आणि त्याला कळतही नाही.

गट चालवणाऱ्यांना हे जुनंच माहीत आहे. मेलमन नावाची प्रणाली मुळात 40 केबीच्या वरचा मेल चालकाच्या मंजुरीसाठी थांबवून ठेवते. अनेकांना तो जाच वाटतो. मला ती काळजी वाटते.

मग फोटो दाखवायचेच नाहीत का? जरूर दाखवा. फाईल ड्राइव्हवर ठेवा, मेलमध्ये लिंक द्या, शेजारी आकार लिहा आणि आत काय आहे ते दोन वाक्यांत सांगा. पाठवण्याआधी ती लिंक दुसऱ्या खात्यातून एकदा उघडून बघा. नाहीतर शंभर जणांकडून परवानगीची विनंती येते आणि तुम्ही दिवसभर तेच करत बसता. एखादाच फोटो असेल तर लहान करून जोडला तरी चालतो. फोनवरचा चार एमबीचा फोटो रुंदीला 1200 पिक्सेलवर आणला, की बहुधा काहीशे केबीत बसतो आणि स्क्रीनवर छान दिसतो.

सहीखालचा लोगोही तपासा. उत्तराला उत्तर जोडत गेलं, की तो प्रत्येक मेलबरोबर पुन्हा जातो.

ती सूचना पाठवणाऱ्या काकांना मी फोन केला, गटावर काही लिहिलं नाही. ते म्हणाले, "सही दिसायला हवी, नाहीतर लोक खरं मानत नाहीत." त्यांचं म्हणणं रास्त होतं. आता ते मजकूर मेलमध्ये लिहितात आणि सही केलेल्या प्रतीची लिंक खाली देतात.