ऐंशी घरांची ओळ: मॅन पेज टर्मिनलवर कसं मांडलं जातं

[पडद्यावर: काळं टर्मिनल. ‘मॅन एलएस’ ही कमांड टाइप होते, पान उघडतं.]

निवेदक:
ठळक मथळे, अधोरेखित शब्द, दोन्ही कडा सरळ. लिनक्सवर टर्मिनल या मजकुराच्या खिडकीत कुठल्याही कमांडचं मॅन पेज, म्हणजे माहितीपान, उघडा, मांडणी अशीच दिसते. पण मूळ फाइल उघडली की तिथे यातलं काहीच नसतं. ओळीच्या सुरुवातीला टिंब आणि पुढे दोन अक्षरं: टिंब टीएच म्हणजे पानाचं शीर्षक, टिंब एसएच म्हणजे मथळा, टिंब पीपी म्हणजे नवा परिच्छेद. ओळ कुठे तोडायची हे लिहिणारा ठरवत नाही. ते काम ग्रॉफ नावाच्या प्रोग्रॅमचं. हीच फाइल तो पीडीएफसाठी मांडतो आणि हीच टर्मिनलसाठी.

[पडद्यावर: कागदाच्या रोलवर टाइप करणाऱ्या टेलिटाइपचं जुनं चित्रण.]

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे रनऑफ. जेरोम सॉल्टझर यांनी तो १९६४ मध्ये एमआयटीत लिहिला. पुढे बेल लॅब्जमध्ये रॉफ आला आणि त्यानंतर जो ओसाना यांनी दोन भावंडं घडवली. एनरॉफ टाइपरायटरसारख्या यंत्रांसाठी, ट्रॉफ फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे प्रकाशाने अक्षरं उमटवणाऱ्या छपाईयंत्रासाठी. आज्ञांची भाषा दोघांची एकच. ग्रॉफ हा याच जोडीचा मुक्त अवतार, जेम्स क्लार्क यांनी लिहिलेला. तो १९९० मध्ये बाहेर आला.

दोन यंत्रांमधला फरक मात्र प्रचंड होता. ट्रॉफचा कॅट हा टाइपसेटर आडव्या दिशेत इंचाच्या ४३२व्या भागापर्यंत सरकू शकत असे आणि ६ ते ३६ पॉइंटपर्यंत (पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे ७२वा भाग) अक्षरांचे १५ आकार छापत असे. टर्मिनलला आकार एकच आणि जागा घराघरांनी मोजलेली; एक घर म्हणजे एका अक्षराची जागा. इंचात आडवी १० घरं, उभ्या ६ ओळी. आजही ग्रॉफ टर्मिनलसाठी आतला हिशोब इंचाच्या २४०व्या भागात करतो: घराची रुंदी २४ एकक, उंची ४० एकक. याहून बारीक जे काही मागाल ते जवळच्या घरात ढकललं जातं. दोन ओळींमध्ये चार पॉइंटांची मोकळी जागा मागितली तर हिशोबाने ती १३ एककांच्या आसपास येते, म्हणजे ओळीच्या एक तृतीयांश. पडद्यावर ती दिसतच नाही.

म्हणूनच मॅन मॅक्रोंमध्ये, म्हणजे टिंब टीएचसारख्या आज्ञांच्या संचात, परिच्छेदांमधलं अंतर दोन प्रकारे ठरवलेलं आहे: छपाईत ०.४ ओळ, टर्मिनलवर पूर्ण १ ओळ. लिहिणाऱ्यालाही ही सोय आहे. ‘टिंब आयएफ एन’ने सुरू होणारी ओळ फक्त टर्मिनलसाठी, ‘टिंब आयएफ टी’ने सुरू होणारी फक्त छपाईसाठी. हिचा अतिवापर झाला की एका फाइलमध्ये दोन दस्तऐवज सांभाळायची पाळी येते; तक्ते आणि आकृत्या सोडून शक्यतो टाळलेलीच बरी.

[पडद्यावर: मजकुराची एक ओळ मोठी करून. शब्दांमधल्या फटी रंगाने दाखवलेल्या.]

आता उजवी कडा पाहा. या ओळीत सात शब्द आहेत, म्हणजे सहा फटी. ओळ भरल्यावर उजवीकडे चार घरं उरली. टाइपसेटर ही चार घरांची जागा सहा फटींत सारखी वाटतो, वाचणाऱ्याला कळतही नाही. टर्मिनलवर अर्धं घर नसतं. त्यामुळे चार फटींना एकेक जादा घर मिळतं, उरलेल्या दोन तशाच राहतात. दर वेळी डावीकडूनच वाटायला सुरुवात केली असती तर पानाच्या डाव्या बाजूला पांढरे ओघळ उभे राहिले असते. म्हणून वाटप आलटून पालटून होतं: एका ओळीत एका कडेने, पुढच्या जुळवलेल्या ओळीत दुसऱ्या कडेने.

अरुंद खिडकीत ही युक्ती पुरत नाही. पन्नास घरांच्या ओळीत लांबलचक फाइलनावं आली की फटी भगदाडं होतात. तिथे उजवी कडा मोकळी सोडावी. फाइलमध्ये ‘टिंब एडी एल’, किंवा मॅन कमांडला ‘नो-जस्टिफिकेशन’ हा पर्याय. रुंदी स्वतः ठरवायची असेल तर ‘मॅनविड्थ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वाचतात अशा सेटिंगमध्ये, आकडा द्यावा. ७२ वाचायला छान.

[पडद्यावर: मथळ्याचे बाइट एकेक करून उलगडतात: एन, बॅकस्पेस, एन, ए, बॅकस्पेस, ए.]

ठळक अक्षराचा उगम थेट कागदात आहे. एनरॉफ मुळात टेलिटाइप मॉडेल ३७ साठी मजकूर पाठवत असे. तिथे ठळक म्हणजे अक्षर छापा, एक घर मागे या, त्याच अक्षरावर पुन्हा आपटा. मागे येण्याची खूण बॅकस्पेस, आस्कीमध्ये क्रमांक ८. चार अक्षरी मथळा त्यामुळे १२ बाइटांचा होतो. अधोरेखित करताना आधी तळरेघ, मग बॅकस्पेस, मग अक्षर. हा क्रम हुशारीचा आहे. काचेच्या पडद्यावर नंतर आलेलं चिन्ह आधीचं पुसतं. क्रम उलटा असता तर सगळा शब्द जाऊन नुसत्या रेघा उरल्या असत्या.

लेस हा पेजर, म्हणजे मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम, ही बॅकस्पेसची जोडी ओळखतो आणि ते अक्षर पडद्यावर ठळक किंवा अधोरेखित करून दाखवतो. अडतं ते तळरेघेवर तळरेघ आली की. ती ठळक तळरेघ की अधोरेखित तळरेघ? बाइटांवरून सांगता येत नाही. लेस शेजारची अक्षरं पाहून अंदाज बांधतो.

ग्रॉफच्या १.१८ या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून, टर्मिनलसाठीचा शेवटचा टप्पा, ग्रॉटी, आपणहून एस्केप क्रम, म्हणजे टर्मिनलला अक्षराचं रूप बदलायला सांगणारे संकेत, पाठवू लागला: एस्केप, चौकोनी कंस, १, एम. इथून नवी दुखणी सुरू झाली. पेजरला हे क्रम समजत नसतील तर प्रत्येक मथळ्याआधी ‘ईएससी’ आणि कंस असा कचरा दिसतो. लेसला मोठा आर हा पर्याय दिला की तो जातो. साधी टेक्स्ट फाइल हवी असणाऱ्यांची पंचाईत वेगळीच. ‘कॉल’ ही कमांड लहान बी पर्यायासह बॅकस्पेसच्या जोड्या सोडवते, पण एस्केप क्रम तिच्या आवाक्याबाहेरचे. फाइलमध्ये ‘१एम’, ‘०एम’ अशी शेपटं उरतात. उपाय एकच: ग्रॉटीला लहान सी पर्याय देऊन किंवा ‘ग्रॉफ नो एसजीआर’ हे व्हेरिएबल लावून आधी जुन्या पद्धतीचा मजकूर मिळवा, मगच तो कॉलमधून काढा.

[पडद्यावर: मॅन पेजमधून कॉपी केलेली कमांड. एंटर. एरर.]

ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त छळते. फाइलमध्ये नुसता हायफन लिहिला की ग्रॉफ त्याला शब्दजोड समजतो आणि यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं दाखवणाऱ्या) टर्मिनलवर यू+२०१० हे चिन्ह पाठवू शकतो. दिसायला हायफनच, पण कमांड वाचणाऱ्या शेलला हवा असतो यू+००२डी. पानात पर्याय शोधायला गेलात तरी सापडत नाही. कमांडचे पर्याय लिहिताना हायफनआधी बॅकस्लॅश हवाच. साधं एकेरी अवतरणही असंच वळणदार होतं. कोडमध्ये त्यासाठी ‘बॅकस्लॅश, डावा कंस, एक्यू’ लिहावं.

आणखी एक सापळा टिंबाचा. टिंबाने सुरू होणारं फाइलनाव ओळीच्या आरंभी आलं, तर ग्रॉफ त्याला अनोळखी आज्ञा समजून ती ओळ गुपचूप गिळतो. नावाआधी बॅकस्लॅश आणि अँपरसँड ठेवला की ओळ वाचते. मॅन कमांड ‘वॉर्निंग्ज’ पर्यायाने चालवली की अशा गायब ओळी पकडता येतात.

तक्ते टीबीएल हा वेगळा प्रोग्रॅम आधी मांडून देतो; थेट ग्रॉफ चालवताना लहान टी हा पर्याय विसरलात तर सगळा तक्ता एकाच परिच्छेदात कालवला जातो. लांब मजकुराचा रकाना टी आणि महिरपी कंसाच्या जोडीत घालून त्याला रुंदी द्यावी, नाहीतर ओळ खिडकीबाहेर जाते.

[पडद्यावर: दोन शब्द, खाली घरांची जाळी: ‘पुणे’ आणि ‘स्त्री’.]

मराठी मजकुरासाठी पहिली अट ग्रॉफच्या लहान के या पर्यायाची. त्याने यूटीएफ-८ फाइल आधी प्रीकॉन्व्ह या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून जाते. पुढचा प्रश्न घरांचा. सर्वत्र रुळलेल्या नियमाप्रमाणे उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना शून्य घरं. काना आणि वेलांट्यांना एकेक. त्या हिशोबाने ‘पुणे’ दोन घरांत बसतं. ‘स्त्री’ला मात्र चार लागतात: स, त, र आणि दीर्घ वेलांटी. जोडाक्षर नीट जुळवणारं टर्मिनल तेच अक्षर कमी जागेत काढतं, आणि मांडणी करणाऱ्याचा हिशोब वेगळा असेल तर उजवी कडा दातेरी होते. म्हणून मराठीत उजवी कडा मोकळीच ठेवावी. तक्त्यात उभ्या रेघा नकोत, आणि मराठी मजकूर शेवटच्या रकान्यात घालावा, म्हणजे रुंदीची चूक पुढच्या रकान्यांना ढकलत नाही.