कुणाला हाक न मारता

ही आमच्या हॉलची खिडकी. जुनी सोसायटी आहे त्यामुळे ग्रिल चांगली जाड लोखंडाची आहे, आणि तिला तो हिरवा रबरी पट्टा बांधलाय ना, थेराबँड, तो मी कधीच सोडत नाही, पाहुणे आले तरी तिथेच असतो. कारण तो कपाटात गेला की काढून द्यायला आईला हाक मारावी लागते, ती पोळ्या करत असते, म्हणते थांब आलेच, आणि मग व्यायाम राहतो तो राहतोच. म्हणून व्हीलचेअरवर असताना एकट्याने व्यायाम करायचाय तर आधी जागा लावून घ्या, सगळं खुर्चीत बसल्या बसल्या हाताला लागेल असं.

माझी स्पायनल इंज्युरी, म्हणजे मज्जारज्जूची, डी १० ची, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी. कमरेखाली काही नाही, हात एकदम व्यवस्थित. आणि हेच हात सांभाळायचे असतात हो, कारण दिवसभर खुर्ची ढकलून छाती आणि खांद्याचे पुढचे स्नायू कसले जातात, पाठीकडचे मात्र तसेच राहतात, मग खांदे पुढे झुकतात आणि दुखणं सुरू होतं. चालणाऱ्या माणसाचा खांदा दुखला तर तो हात गळ्यात अडकवून फिरतो, आपला दुखला तर बेडवरून खुर्चीत कसं यायचं, टॉयलेटला कसं जायचं?

म्हणून ओढायचे व्यायाम जास्त करायचे. ग्रिलकडे तोंड, दोन्ही ब्रेक लावलेले, कोपरं अंगालगत ठेवून पट्टा ओढायचा आणि पाठीवरची खांद्याची पाती एकमेकांजवळ आणायची, सोडताना हळू सोडायचं, झटका नको. ८ ते १० वेळा, असे ३ सेट. बोटांत पकड नसेल तर पट्टा किंवा डंबेल क्रेप बँडेजने हाताला गुंडाळून घ्या, फार घट्ट नको. स्पायनल इंज्युरीवाल्यांसाठी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय गाइडलाइन आली, त्यात आठवड्यातून निदान २ वेळा ताकदीचा व्यायाम आणि २ वेळा २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम सांगितलाय. दमासाठी मी हवेत बॉक्सिंग करतो, गाणी लावून.

आपले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं गेलं, पोहायला लागले ते उपचार म्हणून, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड, ३७.३३ सेकंद. लोक मला मेडलचे व्हिडिओ पाठवतात, मला मात्र त्यातला उपचार जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण डिस्चार्ज झाला की फिजिओ संपतो आणि घरी कुणी विचारत नाही.

आता ज्यांची इंज्युरी डी ६ किंवा त्याच्या वर आहे त्यांनी हे नीट ऐका. व्यायामाआधी लघवीची पिशवी रिकामी करा, नळी कुठे दुमडली नाही ना बघा. मध्येच डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर लगेच थांबायचं, ताठ बसायचं, कपडे, पट्टे सैल करायचे, नळी तपासायची, कारण बीपी भसकन वर गेलेलं असू शकतं, आणि कमी होत नसेल तर सरळ दवाखाना. व्यायाम किती जोरात होतोय ते बघायला नाडीवर पण जाऊ नका, तुमची नाडी फार चढतच नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, एवढा दम पुरे. इंज्युरीच्या खाली घाम नीट येत नाही म्हणून अंग पटकन तापतं, एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर उरका, मानेवर ओला टॉवेल ठेवा.

बसून बसून जखम होऊ नये म्हणून सेट्सच्या मध्ये पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून ढुंगणावरचा भार काढत जा, व्यायामाच्या नादात हे विसरतं, आणि रात्री आरशात त्वचा बघा, लाल डाग दाबून पण जात नसेल तर त्यावर बसणं बंद.

आणि मोबाइल टेबलावर नाही, खिशात ठेवा. दाराला आतून कडी घालू नका, लॅचची एक चावी शेजारी द्या. एकट्याने करायचं ते व्यायाम, पडलो तर उचलायला कुणीतरी आत येऊ शकलं पाहिजे.