खांदा फिरला की कुत्रं फिरतं

[निळसर उजेड. स्वयंपाकघराची फरशी. आधी फक्त नखांचा आवाज येतो, मग एकेक शेपटी दिसते.]

शनिवार. पहाटेचे सव्वाचार. इंग्लंडात डर्बीशरला जूनमध्ये या वेळेला फटफटलेलं असतं. गजर मी रोज लावते, पण तो वाजेपर्यंत कधी झोपायला मिळत नाही. त्याआधीच सुंठ पलंगावर चढते, माझ्या नाकाला नाक लावते आणि नुसती बघत बसते.

सुंठ, म्हणजे जॅक रसेल आणि आणखी कोणाकोणाचं मिश्रण. रंग सुंठेचा, स्वभावही तसाच. तिच्यानंतर झिपरी, पाच वर्षांची बॉर्डर कोली, कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीतली आमची खरी धावपटू. टिकली चौदा महिन्यांची, कपाळावर पांढरा ठिपका, डोक्यात अजून काही नाही. आणि बाजी. तेरा वर्षांचा स्प्रिंगर स्पॅनियल. तो सगळ्यांत शेवटी उठतो, आधी पुढचे पाय ताणतो, मग मागचे, मग विचार करतो.

चार कुत्री म्हणजे चौपट काम, असं लोकांना वाटतं. कामाचं काही नाही हो, ते सवयीनं उरकतं. दोनाची तीन झाली तेव्हा घरात राजकारण शिरलं, ते मात्र उरकत नाही.

[मागचं दार. चौघं दारापाशी. एकेकाचं नाव घेतलं जातं, एकेक बाहेर सुटतो.]

हे दार बघा. झिपरी आणि सुंठ दोघी माद्या, आणि दोघींना आधी बाहेर जायचं असतं. एकदा याच चौकटीत त्यांची अशी जुंपली की सुंठेच्या कानाला तीन टाके पडले. तेव्हापासून नियम झाला: दार उघडं असलं तरी नाव घेतल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. पाहुण्यांना ही शिस्त वाटते. खरं तर ती भीतीतून आली आहे, माझ्या.

जेवण चार ठिकाणी. सुंठ हावरट, तिला खाचाखोचांची थाळी, म्हणजे दाणे हुडकत खावं लागतं. झिपरी स्पर्धेच्या दिवशी अन्नाला तोंड लावत नाही. टिकली स्वतःचं संपवून बाजीच्या वाडग्याकडे सरकते. बाजीची सांधेदुखीची गोळी चीजच्या तुकड्यात लपवलेली असते, चीज खाऊन तो गोळी तेवढी अलगद बाहेर ठेवतो.

साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला की तिची नजर आधी झिपरीच्या बरगड्यांवर जाते. "अगं, पोटाला घालतेस ना तिला?" घालते. पण उड्या मारणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर जादा वजन नको. बरगडी हाताला लागली पाहिजे. प्रत्येक उडीनंतर सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो. जास्तीचा एक किलोही त्या मनगटांना कळतो. आईला हे पटत नाही. आमच्या घरचं कुत्रं दूध-भाकरी खाऊन अंगणात पडलेलं असायचं, आणि सुखी होतं.

[चार पट्टे, दोन हात. गल्लीतून चाल.]

सकाळची फेरी. शाळेत गोफ विणल्याचं आठवतंय? प्रत्येकाच्या हातात एक दोरी, आणि सगळे एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरतात. हे तेच आहे, फक्त इथं उलगडायचं काम एकटीला करावं लागतं.

[महामार्ग. मग कुरण. तंबू, कॅराव्हॅन, दोरीनं आखलेली रिंगणं.]

सव्वासहा. गाडीत मागे चार पिंजरे, सात टॉवेल, पाण्याचे कॅन, पोह्यांचा डबा आणि लसणाची चटणी. या चटणीला इथल्या कुरणांवर थोडीफार ख्याती आहे, पण तो विषय वेगळा.

हा खेळ म्हणजे डॉग अ‍ॅजिलिटी. कुत्र्यानं अडथळे ठरलेल्या क्रमानं पार करायचे आणि माणसानं सोबत पळत वाट दाखवायची. त्याची सुरुवात चक्क रिकामा वेळ भरून काढण्यासाठी झाली. 1978 साली लंडनच्या ऑलिंपियात क्रफ्ट्सचं कुत्र्यांचं प्रदर्शन होतं. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना काय दाखवायचं, हा प्रश्न समितीतल्या जॉन व्हार्ली यांच्यापुढे होता. घोड्यांच्या अडथळा शर्यतीसारखं काही कुत्र्यांसाठी करता येईल का, म्हणून त्यांनी कुत्री शिकवणाऱ्या पीटर मीनवेल यांना गाठलं. मीनवेलनी अडथळे रचले. लोक खूश झाले. दोन वर्षांत, 1980 मध्ये, केनेल क्लबनं, म्हणजे तिथल्या कुत्र्यांच्या राष्ट्रीय संस्थेनं, नियम छापले. आज देशोदेशी हा खेळ चालतो, जागतिक स्पर्धा होतात. आणि उन्हाळ्यातला कुठलाही शनिवार घ्या, इंग्लंडातल्या कुठल्या तरी कुरणावर माझ्यासारखी माणसं चिखलाचे बूट घालून शौचालयाच्या रांगेत उभी असतात.

[रिकामं रिंगण. तीस-चाळीस माणसं कुत्र्यांशिवाय चालताहेत, हात हवेत, ओठ पुटपुटताहेत.]

हे दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुठल्या पंथाचा विधी चाललाय. ही आखणीची चाल. पंच सकाळी अडथळे मांडतात, प्रत्येकाला आकडा, एक ते वीसपर्यंत. धावण्याआधी माणसांना कुत्र्याविना थोडा वेळ फिरून बघायला मिळतं. कुत्र्याला काहीच माहीत नसतं. त्यामुळे वीस अडथळे, प्रत्येक वळण, कुठे मी डावीकडून असेन आणि कुठे कुत्र्यापुढून बाजू बदलीन, सगळं माझ्या पायांत बसलं पाहिजे. मी पाच वेळा चालते. सहाव्या वेळी डोळे मिटून.

अडथळे बघून घ्या. उड्यांचे दांडे कुत्र्याच्या उंचीप्रमाणे. सुंठ खांद्यापाशी 35 सेंटिमीटरच्या आत, म्हणून तिला 30 सेंटिमीटरची उडी. झिपरी मधल्या गटात, तिला 50. दांडा पडला की पाच दोष. मग बोगदा, टायर, लांब उडी, सीसॉ. सीसॉचं टोक जमिनीला टेकल्याशिवाय उतरायचं नाही. हा उंच उभा छपरासारखा, ए-फ्रेम. आणि ती अरुंद फळीची वाट, डॉगवॉक. दोन्हींच्या टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. उतरताना त्या पट्ट्यात पाय पडलाच पाहिजे. कुत्र्यानं घाईघाईत उंचावरून झेप घेऊ नये, खांदे मोडून घेऊ नयेत, म्हणून हा नियम. पूर्वी कापडी बोगदाही असायचा. कुत्री आत गुंडाळली जायची, तो गेला ते बरं झालं.

आणि हे बारा खांब. दोन खांबांत 60 सेंटिमीटर. पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी आला पाहिजे, कुठूनही आलं तरी. मग आत-बाहेर, आत-बाहेर. या खेळात शिकवायला सगळ्यांत अवघड हेच. झिपरीला आठ महिने लागले. सुंठेला दोन वर्षं, आणि अजूनही दहाव्या खांबाशी तिला वाटतं की झालं.

इंग्रज मंडळी या खांबांशी "वीव्ह" म्हणतात. मी म्हणते, "वीण". वीण वीण वीण. बोगद्याला "आत". ए-फ्रेमला "चढ". सुरुवातीच्या रेषेवर "थांब". आज्ञा कुठल्याही भाषेत चालते, फक्त तिचा आवाज दुसरीसारखा नको आणि तो शब्द घरात उठता-बसता वापरलेला नको. "चल" मी असाच वाया घालवला. दिवसातून शंभरदा म्हटल्यावर कुत्र्यांनी तो मोडीत काढला. "बस"ची गंमत आणखी वेगळी. नवरा भात वाढतो, मी म्हणते "बस", आणि टेबलाभोवती तीन कुत्री टुपकन खाली बसतात.

[सुंठेची धाव. पूर्ण, न कापता. निवेदन नाही, फक्त आवाज.]

एकोणचाळीस सेकंद. दांडा पडला नाही, दहावा खांब सुटला नाही. पण दिलेल्या वेळेपेक्षा दीड सेकंद जास्त, कारण डॉगवॉकच्या मधोमध थांबून तिनं पलीकडच्या शेतातल्या मेंढ्या मोजल्या.

पुढचे दोन तास माझे नाहीत. या स्पर्धा खेळणारेच चालवतात. कोणी पडलेले दांडे उचलतं, कोणी रांग लावतं, कोणी गुणांचे कागद पोचवत पळतं. मी आज पंचांकडे बघत बसणार: हात वर झाला की पाच दोष लिहायचे. कुत्र्याकडे बघायचंच नाही, नाहीतर पंचांचा हात चुकतो. उत्तम कुत्र्यांच्या धावा समोर होत असताना त्या न बघणं ही एक शिक्षाच आहे.

टिकली तेवढा वेळ गाडीच्या सावलीत. तिला अठरा महिने पूर्ण झाल्याशिवाय स्पर्धेत उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे, हाडं अजून वाढताहेत. घरी ती जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांमधून चालायला शिकते, डगमगत्या पाटावर उभी राहते. आज तिचा अभ्यास एवढाच: चारशे कुत्री भुंकत असताना गप्प पडून राहणं. तिनं एक चप्पल खाल्ली. बाकी ठीक.

[झिपरी रेषेवर. पट्टा काढला जातो.]

आत जाताना हातात खाऊ नाही, खेळणं नाही. कुत्र्याला हात लावायचा नाही. तोंड आहे आणि शरीर आहे, संपलं.

"थांब." मी तिसऱ्या उडीपर्यंत पुढे जाते. मागे न बघता मला कळतं की ती थरथरते आहे.

[धाव. सातवा, आठवा, खांब. अकरावा. सोळावा.]

सोळापर्यंत सुरेख. सतराव्या उडीनंतर डावीकडे वळून ए-फ्रेम, उजवीकडे बोगद्याचं तोंड उघडं. पंचांनी तो बोगदा मुद्दाम तिथं ठेवलाय. मी ओरडते "चढ!" आणि त्याच क्षणी, पुढची चाल आठवून, माझा खांदा उजवीकडे फिरतो. अर्धा सेकंद लवकर.

[संथ गती. खांदा. झिपरीची मान. बोगदा.]

बघितलंत? माझं तोंड ए-फ्रेम म्हणतंय, खांदा बोगदा म्हणतोय. तिनं खांद्याचं ऐकलं. पंचांनी हातांची फुली केली. बाद. झिपरी मात्र बोगद्यातून बाहेर आली ती जग जिंकल्यासारखी.

कुंपणाबाहेर लोक हळहळतात, "कुत्र्यानं चूक केली." नाही केली. बॉर्डर कोलीच्या रक्तात मेंढपाळाच्या हालचालीवर नजर ठेवून कळप वळवणं आहे. आपल्याकडचं धनगराचं कुत्रं वेगळं, ते वाड्याची राखण करतं, लांडग्यावर धावून जातं. कोलीचं काम माणसाकडे आणि कळपाकडे एकाच वेळी बघण्याचं. माणूस कुठे उभा, कुठे वळला, ही तिची भाषा. आपण मध्येच शब्द घालतो.

हे मला झिपरीनं शिकवलं नाही. बाजीनं शिकवलं.

[जुनं चित्रण. बाजी, दोन वर्षांपूर्वी. हिरवं कुरण, उडणारे कान.]

हा त्याचा शेवटचा उन्हाळा, अकरा वर्षांचा असतानाचा. सलग तीन स्पर्धांत एकही दोष नाही. मी काय ओरडते आहे ऐका. आत! चढ! वीण वीण वीण! बाजी, बाजी, इकडे!

सप्टेंबरात एका संध्याकाळी मी बिस्किटाच्या डब्याचं झाकण उघडलं. दोघी आल्या. बाजी पाठ करून झोपला होता, त्याचा कानही हलला नाही. झाकण पुन्हा आपटलं. टाळ्या वाजवल्या. मग मी जमिनीवर बसले.

पशुवैद्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, वयाचं बहिरेपण आहे, हे एका रात्रीत झालेलं नाही, बरेच महिने चाललं असणार. म्हणजे तो सगळा उन्हाळा. घरातल्या कोणाला पत्ता लागला नाही, कारण तो दाराकडे आमचे पाय वळले की उठायचा, पट्ट्याकडे हात गेला की यायचा, बाकीची उठली की उठायचा. आणि रिंगणात मी घसा फोडत होते तेव्हा तो माझे गुडघे, खांदे, बोटं वाचत पळत होता.

हे चित्रण मी नंतर आवाज बंद करून बघितलं. त्यात एक बाई बरी धावते.

तेव्हापासून आठवड्यातला एक सराव मी तोंड मिटून करते. अवघड जातं. सातारकर आहे मी, शांतपणे पळणं आमच्या घराण्यात नाही.

[परतीची गाडी. पाऊस. मागे घोरण्याचे तीन सूर.]

आजची कमाई: सुंठेचा वेळेचा दोष, झिपरी दुसऱ्या शर्यतीत चौथी, एक फीत, एक चप्पल कमी. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. रिंगणातला एकूण वेळ, मी मोजला, दोन मिनिटांच्या आत.

[रात्र. बैठकीची खोली. फोन टेबलावर उभा.]

आईला सगळं सांगायचं असतं. खांदा, बोगदा, मेंढ्या, चौथा नंबर. ती ऐकते, जांभई देते, आणि फोनचा आवाज मोठा असल्यामुळे खोलीभर ऐकू येतं, "बस! किती ते कुत्रीपुराण!"

सुंठ बसली. झिपरी बसली. टिकलीनं दोघींकडे बघितलं आणि तीही बसली.

बाजी सोफ्याखाली झोपलेला. मी चहा ठेवायला उठावं म्हणून पाय जरासा मागे घेतला, आणि त्यानं एक डोळा उघडला.