गोल पाळण्याला मागची बाजू कुठे असते?

नमस्कार मंडळी! जत्रेत तो घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा असतो बघा, मेरी गो राउंड, त्याच्यासमोर एक लहान मुलगा उभा आहे असं समजा. हातात पैसे आहेत, बसायचंय, पण तो बसत नाहीये. पाळणेवाल्याला विचारतोय, साहेब, आमच्यासाठी वेगळी जागा कुठाय ह्याच्यावर?

ही लँग्स्टन ह्यूजची कविता आहे, नाव 'मेरी गो राउंड'. ह्यूज म्हणजे अमेरिकेतला फार मोठा काळा कवी. कवितेच्या नावाखाली त्याने एवढंच लिहिलंय की जत्रेतलं एक कलर्ड मूल, काळ्यांना तेव्हा तसं म्हणायचे. पुढे सगळं ते मूलच बोलतं, कवी मध्ये तोंडच घालत नाही. मुलगा की मुलगी हेही तो सांगत नाही, मी आपला मुलगा धरलाय. तो म्हणतो, आम्ही साउथहून, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आलोय, तिकडे गोरे आणि आम्ही शेजारी शेजारी बसू शकत नाही, ट्रेनमध्ये आमचा डबा वेगळा, बसमध्ये आम्हाला मागे बसवतात. पण ह्या पाळण्याला तर मागची बाजूच नाहीये! मग काळ्या पोराचा घोडा कुठला?

संपली कविता. एवढीच आहे.

मराठीत सांगताना मी अडकले होते एका शब्दावर. इंग्रजीत तो मिस्टर म्हणतो. आपलं पोर जत्रेत काका म्हणेल नं, ओ काका, मला बसायचंय. पण मी साहेब केलं, कारण ह्या पोराला काका म्हणण्याइतकी जवळीक कुणी दिलेलीच नाही, त्याला अदब शिकवलीये, आणि ती अदब त्याच्या प्रत्येक वाक्यात दिसते.

आता थोडा इतिहास, पटकन. तो ज्या नियमांबद्दल बोलतोय त्यांना जिम क्रो म्हणायचे. हे नावसुद्धा एका नाचगाण्यातून आलंय, 1830 च्या आसपास एक गोरा नट तोंडाला काळं फासून जिम क्रो नावाचं पात्र करायचा आणि लोक हसायचे, त्यावरून पुढे काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या सगळ्या कायद्यांना तेच नाव पडलं. 1896 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात सांगितलं की वेगळं पण समान चालेल. समान कधीच नव्हतं, ते सोडा. 1964 च्या सिव्हिल राइट्स ॲक्टने सार्वजनिक ठिकाणचा हा वेगळेपणा बेकायदा ठरवला, म्हणजे बघा मधे किती पिढ्या गेल्या.

पण मला कवितेत सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच आहे. तो साउथ सोडून आलाय. आई-बाप पोरांना घेऊन नॉर्थला निघून आले, लाखो कुटुंबं आली तशी. इथे पाळण्यावर कदाचित तशी पाटी नसेलही, पण पोरगं पाटी शोधतंय! नियम त्याच्या अंगातच मुरलाय. आणि खेळाची गंमत अशी की गोल फिरणाऱ्या गोष्टीत पुढचा कोण आणि मागचा कोण हे ठरवताच येत नाही, म्हणजे मोठ्यांचा कायदा तिथे येऊन आपोआप खोटा पडतो, आणि हे त्या पोराच्या लक्षात येतं पण त्याला वाटतं आपल्यालाच काहीतरी कळत नाहीये. ह्यूजने एक शब्द रागाचा वापरलेला नाही. मला ही कविता म्हणूनच आवडते.

ह्याच्या आधीची, 1925 च्या 'कलर' ह्या संग्रहातली काउंटे कलन ह्या काळ्या अमेरिकन कवीची 'इन्सिडेंट' वाचा. आठ वर्षांचा मुलगा बाल्टिमोरमध्ये फिरायला गेलाय, एकदम खुशीत, त्याच्याच एवढा दुसरा मुलगा त्याच्याकडे टक लावून बघतोय म्हणून हा हसतो. तर तो जीभ काढून दाखवतो आणि काळ्यांना द्यायची ती शिवी देतो. कवितेची चाल अगदी बडबडगीतासारखी, ठेक्यात म्हणता येईल अशी, आणि त्या चालीत ती शिवी येते. मे ते डिसेंबर तो तिथे राहिला आणि त्याच्या लक्षात तेवढंच राहिलंय.

तुम्ही इनी मिनी मायनी मो करून चकला असाल नं? मीपण. राज्य कुणावर हे ठरवायला. आपण त्या गाण्यात वाघाचा अंगठा पकडायचो, पण अमेरिकेत पूर्वी वाघाच्या जागी हीच शिवी असायची आणि पोरं ती अंगणात म्हणायची. मला हे कळलं तेव्हा ते गाणं तोंडातच थांबलं. कलनच्या कवितेतल्या पोराने ती शिवी कुठून शिकली असेल ह्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता गरिबी. ग्वेंडोलिन ब्रूक्स. शिकागोच्या साउथ साइडला वाढलेली, 1950 मध्ये कवितेचं पुलित्झर, हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं, ते मिळवणारी पहिली काळी व्यक्ती. तिच्या 1945 च्या 'अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल' मध्ये एका मुलीची कविता आहे, ती मुलगी आयुष्यभर पुढच्या अंगणातच राहिलीये, तिथे गुलाब आहेत, आणि तिला गुलाबांचा कंटाळा आलाय. तिला मागच्या अंगणात जायचंय, जिथे तण माजलंय आणि धर्मादायावर जगणारी पोरं खेळतात. ती म्हणते, त्या पोरांना पावणेनऊला घरात यावं लागत नाही! आई नाक मुरडते, म्हणते ती जॉनी मे पुढे वाया जाणार आणि जॉर्ज जेलमध्ये जाणार, का, तर मागच्या हिवाळ्यात त्याने ह्यांच्या घराचं मागचं फाटक विकलं.

हिवाळ्यात, शिकागोच्या थंडीत, एक पोरगा लाकडाचं फाटक विकतोय. ब्रूक्स सांगत नाही त्याच्या घरी काय चाललं होतं. मुलीला ती मजा वाटते, आईला ती चोरी वाटते, आणि मला वाटतं त्या पोरांना पावणेनऊला हाक मारायला घरी कुणी आलेलंच नसेल. दोघी काळ्याच आहेत हं, आई आणि मुलगी, पण गरिबीने एकाच घरामागे दुसरी वस्ती तयार केलीये. आपल्याकडे खेळताना लिंबूटिंबू असतो, खेळात असतो पण मोजत नाहीत, ती मागची पोरं तशी आहेत.

तिचीच 'वी रिअल कूल', 1959 ची, सात पोरं शाळा सोडून पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ, खेळतायत. चोवीस शब्द, सगळे एकेका ठोक्याचे, टेबलावर बोटं वाजवून म्हणून बघा. शेवटची ओळ सोडली तर प्रत्येक ओळ 'आम्ही' ह्या शब्दावर संपते. शेवटच्या ओळीत ती मरतात, आणि तिथे 'आम्ही' नाहीये.

1972 मध्ये मुंबईत दलित पँथर सुरू झाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर ह्या काळ्यांच्या संघटनेवरूनच घेतलं होतं, म्हणजे तिकडची काळी माणसं आपल्याकडे वाचली, ऐकली जात होती.

आणि पाळण्याचं काय झालं? बाल्टिमोरजवळ, हो, कलनच्या त्याच बाल्टिमोरजवळ, ग्विन ओक नावाचा पार्क होता, तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. लोकांनी वर्षानुवर्षं निदर्शनं केली, अटका झाल्या. शेवटी 28 ऑगस्ट 1963 ला पार्क सगळ्यांना खुला झाला, त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. त्या दिवशी पार्कमधल्या पाळण्यावर बसलेलं पहिलं काळं मूल म्हणजे 11 महिन्यांची एक मुलगी. ह्यूज तेव्हा हयात होता. पोरगी इतकी लहान होती की तिला कुठला घोडा आपला हे विचारताच आलं नसतं, वडिलांनी बसवलं आणि ती बसली.