चुंबळीवरचा आडवा उजेड

हे स्क्रीनवर दिसतंय ना, गोल, कळकट, मधी दबलेलं, हे काय असंल सांगा बरं. पुण्यातल्या एका मित्राला हाच फोटो पाठवला तर तो म्हणला पक्ष्याचं घरटं आहे का. घरटं नाही बाबा, चुंबळ आहे. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ती. आमच्या आईनं जुन्या लुगड्याला पीळ देऊन केलेली, आणि वर्षानुवर्षं ओली होऊन वाळून वाळून आता इतकी कडक झालीय की टेबलावर टाकली तर टक्क आवाज येतो.

मी लातूरला राहतो आणि घरातल्या वस्तूंचे फोटो काढतो. म्हणजे कॅटलॉगसारखे नाही, वस्तू दिसावी एक आणि आठवावं दुसरंच काहीतरी, तसले. स्टुडिओ वगैरे काही नाही, मधली खोली आहे, तिला उत्तरेकडं एक खिडकी, मागं बॅकग्राउंडला आजोबांची काळी घोंगडी, आणि सावलीच्या बाजूला थोडा उजेड परत फेकायला लग्नाच्या डेकोरेशनमधून उरलेला थर्माकोलचा पांढरा शीट. बस, झाला सेटअप.

सुरुवातीला मी पण येड्यासारखं केलं. 17व्या शतकातले डच चित्रकार टेबलावर कवटी, विझलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ असं मांडून चित्रं काढायचे, मरण जवळच आहे हे आठवून द्यायला, ते बघून मी वाळूचं घड्याळ ऑनलाईन मागवलं. चांगला दिवसभर फोटो काढला. आणि रात्री लॅपटॉपवर बघतो तर काय, कोचिंग क्लासची जाहिरात! परीक्षेला एवढे दिवस राहिले, आजच ॲडमिशन घ्या. लातुरात त्याचा दुसरा अर्थ कुणी लावणारच नाही. त्या डच लोकांच्या घरात ते घड्याळ वापरात होतं हो, आपल्या घरात ते पार्सलातून आलंय, एवढा साधा फरक मला कळायला अख्खा दिवस गेला.

मग केरसुणी घेतली. शिंदीची, एका बाजूनं तिरकी झिजलेली. ती झीज बघितली की झाडणारा हात उजवा आहे हे कळतं, माणूस फ्रेममध्ये नसला तरी. आईनं आधी नाहीच म्हणलं, लक्ष्मी आहे ती, दिवाळीत हळदकुंकू लावतो आपण तिला, आणि तू घोंगडीवर उभी करायलास? आडवी ठेवतो म्हणलं तेव्हा कुठं तयार झाली. गंमत म्हणजे इंग्लंडात टॅल्बट नावाच्या माणसानं 1844 मध्ये, फोटोग्राफी अगदी नवी होती तेव्हा, उघड्या दाराला टेकवलेल्या झाडूचा फोटो काढून ठेवलाय, आणि दारावर तिरकी सावली पडलीय. म्हणजे हा उद्योग काही नवा नाही. 1928 मध्ये केर्तेस नावाच्या फोटोग्राफरनं ताटलीच्या काठावर नुसता काटाचमचा टेकवला आणि तो आणि त्याची सावली एवढ्यावर फोटो उभा केला. 1930 मध्ये वेस्टन नावाच्या दुसऱ्या फोटोग्राफरनं तर ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, कारण नरसाळ्याच्या आतून उजेड चहूबाजूनं मिरचीवर फिरतो, आणि ती मिरची माणसाच्या पाठीसारखी दिसायला लागली. आपल्या घरात रॉकेलचं नरसाळं पडून आहे की नाही?

तर चुंबळ. 2016 चा उन्हाळा लातूरवाल्याला सांगायची गरज नाही. पाण्याच्या ठिकाणी गर्दीवरून भांडणं नकोत म्हणून 144 कलम लागलं होतं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 टँकर, 5 लाख लिटर. तेव्हा हंड्यांच्या रांगांचे फोटो रोज पेपरात. इतके आले की लोकांनी हंडा बघणंच सोडलं, पान उलटायचे सरळ. म्हणून मला हंडा नकोच होता. 15 लिटरचा हंडा म्हणजे नुसतं पाणीच 15 किलो, ते वजन हंडा न दाखवता दिसलं पाहिजे.

आधी चुंबळ तराजूत ठेवली, दुसऱ्या पारड्यात वजनं. फार हुशारी झाली, शाळेच्या भिंतीवरच्या पोस्टरसारखं. मग कोरड्या नळाला अडकवली, ते तर कुणीही केलं असतं. शेवटी आईचीच उशी आणली, रोजच्या झोपेनं मधी डोक्याचा खळगा पडलेला, आणि त्या खळग्यात चुंबळ ठेवली. नुसती ठेवली, बाकी काही नाही.

आता उजेडाचं बघा. हा पहिला फोटो, उजेड समोरून, चुंबळ सपाट, पापड वाटतोय. आणि हा दुसरा, सकाळचा, खिडकीतून आडवा आलेला उजेड, बघा पीळ न् पीळ वर आला, मधला दबलेला भाग काळा झाला, एका ठिकाणी लुगड्याचा हिरवा काठ अजून शिल्लक आहे तो पण दिसायला लागला. कॅमेऱ्याचं सेटिंग म्हणाल तर लेन्सचं भोक बारीक, एफ 8, उजेड टिपायची ताकद कमी ठेवलेली, आयएसओ 100, म्हणून शटर एक सेकंद उघडं, आणि दोन सेकंदाचा टायमर, कारण बटण दाबतानाच कॅमेरा हलतो आणि आमचा ट्रायपॉड म्हणजे दोन पाट आणि एक गव्हाचा डबा.

आई आधी उशीच्या खोळीवरून ओरडली. मग स्क्रीनवर बघितलं. थोडं थांबली, आणि मानेवरनं हात फिरवत म्हणली, "बघूनच मान दुखायलीय रे."

पुढचा नंबर आजीच्या अडकित्त्याचा आहे. पण ती दर तासाला सुपारी कातरते, देतच नाही हातातून. दुपारी झोपली की पाऊण तास मिळतो, आणि त्या वेळेला खिडकीतला उजेड पार सपाट झालेला असतो.