खोक्यावरचा आकडा आणि ‘पर्यंत’ हा शब्द

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय असा छापलाय: लॅपटॉपमधली एसएसडी (फाइली साठवणारा, चिपांचा ड्राइव्ह) जाहिरातीतल्या वेगाने का चालत नाही आणि ते घरच्या घरी कसं तपासायचं. तपासणीकडे मी येणार आहे. पण त्याआधी एका शब्दाबद्दल मला मन मोकळं करायचंय. तो शब्द म्हणजे ‘पर्यंत’. एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ७,४५० एमबी हा आकडा ठळक असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘पर्यंत’ असतं. आपण आकडा वाचतो आणि शब्द सोडून देतो. तक्रार करायची वेळ येते तेव्हा कंपनी तोच शब्द पुढे करते.

तो आकडा खोटा नसतो, हे आधीच सांगतो. तो मोजलेलाच असतो. प्रश्न आहे तो कसा मोजला याचा. एसएसडी कोरी असते, थंड असते, चाचणी काही सेकंदांत आटोपते. वाचायची फाइल एकच, मोठी, सलग. शिवाय एसएसडीकडे एका वेळी एकच मागणी जात नाही, आठ, सोळा, बत्तीस मागण्या रांगेत उभ्या असतात. माळ्यावरून शंभर भांडी उतरवायची आहेत आणि शिडीवर आठ माणसं साखळी करून उभी आहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. लॅपटॉप चालू होताना किंवा एखादं ॲप उघडताना मात्र माणूस एकटाच असतो. वर चढायचं, एक भांडं घ्यायचं, खाली यायचं, मग पुढचं कोणतं ते विचारायचं.

याचं गणित सोपं आहे. चार केबीचा एक तुकडा शोधून द्यायला चांगल्या एसएसडीला साधारण ६० मायक्रोसेकंद लागतात असं धरा. एका सेकंदात असे सुमारे १६,६०० तुकडे होतात. चार केबीने गुणलं की येतात ६८ एमबी. सात हजार एमबी वेगाची एसएसडी आणि हातात पडले ६८! यात बिघाड काहीच नाही. क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजायचा प्रोग्रॅम चालवलात की सगळ्यात खालच्या ओळीत साधारण हाच आकडा दिसतो आणि लोक घाबरून विचारतात, ‘माझी डुप्लिकेट तर नाही ना?’ नाही हो. रोजच्या वापराला सगळ्यात जवळची ओळ तीच आहे. खोक्यावर छापायची तर ती छापायला हवी.

आपल्याकडे गाडीच्या मायलेजचं काय होतं बघा. पुण्यातल्या एआरएआयसारखी संस्था ठरलेल्या पद्धतीने चाचणी घेते. रस्त्यावर तेवढं मायलेज मिळत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी दोन गाड्यांची तुलना करता येते, कारण चाचणी एकच असते. एसएसडीसाठीही अशी पद्धत आहे. एसएनआयए या उद्योगसंस्थेने ती ठरवून दिली आहे: आधी एसएसडी पूर्ण पुसायची, मग तिच्या क्षमतेच्या दुप्पट लिखाण तिच्यावर करायचं, आणि वेग खाली येऊन स्थिरावला की मग मोजायचं. ‘स्थिरावला की’ हे शब्द सोन्याचे आहेत. घरगुती एसएसडीच्या खोक्यावरचा ठळक आकडा बहुतेक वेळा स्थिरावण्याच्या आधीचा असतो.

वेग स्थिरावतो म्हणजे काय, ते नरसाळ्यावरून समजतं. नरसाळ्यात तेल ओतताना तोंड रुंद असतं, म्हणून भसकन ओतता येतं. ते भरलं की मात्र खालच्या नळीतून जेवढं उतरेल तेवढंच वरून ओतायचं. एसएसडीतलं नरसाळं म्हणजे एसएलसी कॅश. फ्लॅश चिपच्या एका पेशीत एकच बिट ठेवला तर व्होल्टेजच्या दोन पातळ्या पुरतात आणि लिखाण झटपट होतं. टीएलसीमध्ये पेशीमागे तीन बिट, म्हणजे आठ पातळ्या. क्यूएलसीमध्ये चार बिट, म्हणजे सोळा. पातळ्या जितक्या जास्त, तितकं लिखाण नाजूक आणि संथ. म्हणून कंपन्या एक युक्ती करतात. आलेला डेटा आधी पेशीत एकेक बिट ठेवून पटकन लिहून घ्यायचा आणि सवडीने नीट रचायचा. युक्ती चांगलीच आहे, माझा तिला विरोध नाही. पण क्यूएलसीमध्ये अशा एका जीबीला चार जीबीची जागा लागते. ती येते तुमच्या रिकाम्या जागेतून. एसएसडी भरत गेली की नरसाळं लहान होत जातं.

खरे आकडे घेऊ. सॅमसंगची ८६० क्यूव्हीओ, १ टीबी, २०१८ची, जुन्या लॅपटॉपमध्ये बसणारी अडीच इंची. लिखाणाचा छापील वेग सेकंदाला ५२० एमबी. नरसाळं ४२ जीबीचं, त्यातले ६ जीबी कायमचे आणि ३६ जीबी रिकाम्या जागेवर अवलंबून. ते भरल्यावर वेग ८० एमबी. आता लग्नाचं १०० जीबी चित्रीकरण त्यावर उतरवा. देणारा ड्राइव्ह वेगवान आहे असं धरू. ५२०च्या हिशोबाने सव्वातीन मिनिटांत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात पहिले ४२ जीबी ८१ सेकंदांत जातात आणि उरलेल्या ५८ जीबीला १२ मिनिटं लागतात. एकूण साडेतेरा मिनिटं. आणि ही एसएसडी जवळपास भरलेली असेल तर वेग १२ सेकंदांतच कोसळतो. सॅमसंगच्या माहितीपत्रकात हे सगळे आकडे दिलेले आहेत, त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं. पण माहितीपत्रक वेगळं आणि खोकं वेगळं. दुकानात हातात येतं ते खोकं. माझी मागणी एवढीच आहे, की कॅश संपल्यावरचा वेग खोक्यावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापा.

हे मी इतकं लावून धरतो त्याला आणखी एक कारण आहे. जो आकडा छापलेलाच नाही, तो गुपचूप बदलता येतो. वेस्टर्न डिजिटलची ब्लू एसएन५५० ही स्वस्त आणि चांगली एसएसडी होती, लॅपटॉपसाठी लोक डोळे झाकून घ्यायचे. ऑगस्ट २०२१मध्ये उघड झालं, की आतली फ्लॅश बदलली आहे आणि १ टीबी मॉडेलचा कॅशनंतरचा वेग ६१० वरून ३९० एमबीवर आला आहे. नाव तेच, मॉडेल तेच, खोक्यावरचा ‘पर्यंत’वाला आकडाही तोच. कंपनीने बदल मान्य केला आणि यापुढे जाहीर केलेल्या आकड्यांवर परिणाम होईल असा बदल केला तर नवा मॉडेल क्रमांक देऊ असं सांगितलं. चांगलं केलं. पण ज्याने जुनी परीक्षणं वाचून पैसे मोजले त्याच्या हातात काय आलं? त्या वर्षी क्रूशलच्या पी२ मध्येही टीएलसीच्या जागी क्यूएलसी आलेली सापडली. म्हणून परीक्षण वाचताना तारीख बघा आणि एसएसडी घेतली की फर्मवेअरचा, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रॅमचा, क्रमांक टिपून ठेवा. परीक्षणातला क्रमांक वेगळा असेल तर आतला मालही वेगळा असू शकतो.

लॅपटॉपबरोबर आलेल्या एसएसडीचंही असंच होतं. ॲपलचा २०२२चा, एम२ प्रोसेसरवाला मॅकबुक एअर घ्या. आधीच्या एम१ मध्ये २५६ जीबीसाठी १२८च्या दोन चिप होत्या, या नव्यात २५६ची एकच. दोन चिपांवर एकाच वेळी काम वाटता येतं, एकीवर कसं वाटणार? वाचनाचा वेग जवळपास निम्म्यावर आला. ५१२ जीबीवाल्याला हा त्रास नव्हता. सगळ्यात स्वस्त मॉडेल म्हणजे फक्त जागा कमी असं आपण समजतो, पण तिथे चिप कमी आणि म्हणून वेगही कमी असतो. २०२४च्या एम३ एअरमध्ये २५६ला पुन्हा दोन चिप आल्या.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे आणि पत्रिकेत कबूल केलेला भाग अजून बाकी आहे. भरभर सांगतो, लिहून घ्या.

पहिल्यांदा स्लॉट, म्हणजे एसएसडी बसते ती खाच बघा. एम.२ हा आकार आहे, वेग नव्हे. त्याच आकारात साटाची, म्हणजे जुन्या, संथ जोडणीची एसएसडीही येते. साटाची वाट ६ गिगाबिटची, ८ बिट पाठवायला १० खर्च होतात, म्हणून सेकंदाला ६०० एमबी आणि हातात साडेपाचशे. पीसीआयई ही वेगवान जोडणी, तिच्या तिसऱ्या पिढीच्या (पीसीआयई ३) चार लेन, म्हणजे वाटा, असतील तर साडेतीन हजार, पीसीआयई ४ असेल तर सात हजारांच्या आसपास. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये पीसीआयई ४ अकराव्या पिढीपासून आलं, एएमडीच्या रायझन ६००० मालिकेपासून. अनेक लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट जुन्या पिढीचा किंवा दोनच लेनचा असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि ‘ट्रान्सफर मोड’समोर बघा. तिथे दोन नोंदी असतात: आधी सध्या चालू असलेली जोडणी, मग एसएसडीला झेपणारी. दोन्ही सारख्या नसतील तर अडचण बहुतेक स्लॉटची आहे, एसएसडी बदलून उपयोग नाही.

मग उष्णता. त्याच प्रोग्रॅममध्ये तापमान दिसतं. मोठी फाइल कॉपी करताना बघा, रिकामं असताना नको. ८० अंशांच्या आसपास गेलं की अनेक एसएसडी स्वतःहून वेग उतरवतात. लॅपटॉपमध्ये एसएसडीला वारा फारसा लागत नाही. पातळ थर्मल पॅड लावून उष्णता धातूच्या झाकणाला देता येते, पण आधी फट मोजा. पॅड जाड झाला तर झाकण फुगतं आणि बोर्डावर ताण येतो. डेस्कटॉपचं उंच हीटसिंक घेऊ नका, झाकणच बसणार नाही.

तिसरं, रिकामी जागा. १५ ते २० टक्के मोकळी ठेवा. विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये ट्रिम वेळच्या वेळी चालतं का बघा. ट्रिम बंद असेल तर पुसलेल्या फाइलींची जागा खरंच रिकामी झाली हे एसएसडीला कळत नाही आणि ती निरुपयोगी डेटा इकडून तिकडे हलवत बसते.

मग बॅटरी. मोजताना चार्जर लावा आणि पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा. एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, तेही बघा: विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकताना ते आपोआप चालू होऊ शकतं आणि काम प्रोसेसरवर पडतं. लहान लहान लिखाणात ते जाणवतं. तरी लॅपटॉप बाहेर नेत असाल तर ते बंद करू नका, चोरीच्या वेळी तोच आधार आहे. फक्त रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा क्रमांक, कागदावर लिहून ठेवा. आणि पेनड्राइव्हवरून कॉपी करत असाल तर वेग पेनड्राइव्हचा मिळेल. यूएसबी २ च्या पोर्टातून सेकंदाला ४० एमबीच्या वर अपेक्षा ठेवू नका.

आता मोजायची पद्धत. क्रिस्टलडिस्कमार्कची नेहमीची फाइल १ जीबीची असते, ती नरसाळ्याच्या तोंडातच मावते. कॅशनंतरचा वेग बघायचा तर वेगवान ड्राइव्हवरून १०० जीबीच्या मोठ्या फाइली कॉपी करा आणि आलेख कुठे खाली पडतो ते पाहा. नवी एसएसडी असेल तर हे परत करायची मुदत संपायच्या आत करा. रोज रोज मात्र करू नका, लिखाणाने पेशी झिजतात.

समोरून एक चिठ्ठी आली आहे: ‘पीसीआयई ३ च्या जुन्या लॅपटॉपमध्ये महागडी ७,००० वाली घालू का?’ नको. त्याच पैशात टीएलसीची, पण दुप्पट जागेची घ्या. सॅमसंग ९७० ईव्हीओचे आकडे देतो आणि थांबतो. वाचनाचा छापील वेग तिन्ही क्षमतांचा ३,४००. कॅश संपल्यावर लिखाणाचा वेग २५० जीबीला ३००, ५०० जीबीला ६००, १ टीबीला १,२००.